घरात बाळ आणि श्वान : जिव्हाळ्याला शिस्तीची जोड हवी

पहिले बाळ घरी यायचे असते तेव्हा अनेक घरांत एक जुना सदस्य आधीपासूनच वावरत असतो. दाराची घंटा वाजली की सर्वांत आधी धावणारा, रात्री पलंगाच्या पायथ्याशी झोपणारा आणि इतकी वर्षे घरातले 'लहान मूल' म्हणून लाड करून घेतलेला. बाळाची चाहूल लागताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न त्याच्याविषयी असतो, "आता या कुत्र्याचे काय करणार?" काही कुटुंबे त्याला तडकाफडकी गावाकडे धाडतात, काही जण रात्रीच्या अंधारात दूरच्या रस्त्यावर सोडून येतात, तर काही "आमचा तो कधीच काही करत नाही" असे म्हणून प्रश्नच उडवून लावतात. ही तिन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्या दोहोंत मुक्या जिवावर अन्याय होतो आणि तिसऱ्यात बाळाच्या सुरक्षिततेशी खेळ होतो.

लहान मूल आणि कुत्रा एकाच घरात सुखाने नांदू शकतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान पाहत वाढलेल्या आपल्या समाजाला ही सोबत नवी नाही. मात्र वाड्याच्या अंगणात राहणारा कुत्रा आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत बाळाच्या दुपट्याशेजारी झोपणारा कुत्रा यांत मोठा फरक आहे. अंगणात दोघांनाही एकमेकांपासून दूर जायला जागा होती. सदनिकेत ती राहिलेली नाही. ती जागा जाणीवपूर्वक निर्माण करणे, हेच या विषयाचे सार आहे.

धोका केवळ रस्त्यावर नाही

मुलांना होणाऱ्या श्वानदंशाच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि देशभर या प्रश्नाची चर्चा झाली. ती चर्चा प्रामुख्याने भटक्या कुत्र्यांभोवती फिरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीतून देशात दरवर्षी सुमारे ९० लाख लोकांना प्राणी चावत असल्याचा अंदाज पुढे आला. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक दंश कुत्र्यांचे होते. रस्त्यावरचा धोका खराच आहे. पण अगदी लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्यांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचा असतो. तो स्वतःच्या घरचा, आजोळचा किंवा शेजारच्यांचा असतो, आणि प्रसंग घडतो तोही घरातच, नेहमीच्या खेळात.

मोठ्या माणसाला कुत्रा बहुधा हातापायाला चावतो. लहान मुलाचे तोंड मात्र कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. त्यामुळे मुलांना चेहरा, डोके आणि मान येथे जखमा होण्याचे प्रमाण अधिक असते. वजनाचाही विचार करावा लागतो. वर्षाचे मूल साधारण ९ ते १० किलोचे, तर पूर्ण वाढ झालेला लॅब्रेडॉर २५ ते ३५ किलोचा असतो. त्याने आनंदाने मारलेली उडीही मुलाला खाली पाडण्यास पुरेशी ठरते.

जातीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा

"लहान मुलांसाठी कोणत्या जातीचा कुत्रा चांगला?" हा प्रश्न पशुवैद्यकांना नेहमी विचारला जातो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांची ख्याती मनमिळाऊ म्हणून आहे. आपल्याकडे 'पॉमेरियन' म्हणून ओळखला जाणारा छोटा पांढरा कुत्रा सदनिकांत लोकप्रिय आहे, आणि रस्त्यावरून आणून वाढवलेला देशी कुत्राही उत्तम सोबती ठरतो. तथापि, जात म्हणजे हमी नव्हे. त्याच जातीतील दोन कुत्र्यांचे स्वभाव भिन्न असतात. आकाराने लहान म्हणून निर्धोक, असेही समजू नये. छोट्या कुत्र्याला मुलाच्या हाताळण्याने लवकर इजा होते आणि म्हणून तो लवकर चिडतो.

पिल्लू आणायचे असल्यास ते किमान ८ आठवड्यांचे असावे. त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीला २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनी मनाई केली आहे. त्यामागे कारणही आहे. आई आणि भावंडांसोबत खेळताना 'किती जोरात चावले की समोरच्याला दुखते' हे पिल्लू शिकत असते. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा असतो. या काळात ज्या पिल्लाला मुलांचे आवाज, पाळणा, मिक्सर, पाहुणे यांची सौम्यपणे सवय झाली, ते पुढे कमी घाबरते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. घरात तान्हे बाळ असताना त्याच वेळी नवे पिल्लू आणणे टाळावे. दोघांचेही रात्री-अपरात्री उठणे, शी-शू, खाणे आणि शिकवणे एकट्या आईच्या अंगावर पडते. मग कुत्र्याचे शिक्षण मागे पडते, आणि न शिकवलेला कुत्रा हाच पुढे धोक्याचा ठरतो.

बाळ घरी येण्यापूर्वी

निसर्गाने तयारीसाठी नऊ महिने दिलेले आहेत. त्यांचा उपयोग करावा. बाळ आल्यावर जे नियम लागू होणार आहेत ते आधीच लागू करावेत. कुत्र्याला पलंगावर येऊ द्यायचे नसेल, तर ती मनाई सातव्या महिन्यात सुरू व्हावी. बाळ आल्याच्या दिवशी ती सुरू झाली, तर कुत्र्याच्या लेखी नव्या पाहुण्याचे आगमन आणि आपली हकालपट्टी यांची सांगड बसते. फिरायला नेण्याची जबाबदारी गर्भवतीकडे असेल, तर ती घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे हळूहळू सोपवावी. 'बस', 'थांब', 'सोड' आणि 'जागेवर जा' या चार आज्ञा पक्क्या करून घ्याव्यात. पशुवैद्यकाकडे नेऊन पूर्ण तपासणी करावी. कान दुखणारा, सांधे आखडलेला किंवा दृष्टी मंदावलेला वृद्ध कुत्रा स्पर्शाने दचकतो आणि चावू शकतो.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी परतते. कुत्रा सासरी असेल, तर त्याची मालकीण अचानक नाहीशी होते आणि परतते ती एका अनोळखी, रडणाऱ्या जिवासह. कुत्रा माहेरचा असेल, तर बाळंतिणीच्या खोलीभोवती, शेक-शेगडी, धुरी आणि पाहुण्यांच्या वर्दळीत त्याचा दिनक्रम पार विस्कटतो. दोन्ही प्रसंगी एक साधा उपाय उपयोगी पडतो. बाळाला गुंडाळलेले एखादे दुपटे आधी घरी आणावे आणि कुत्र्याला लांबून त्याचा वास घेऊ द्यावा. कुत्रा जग ओळखतो ते नाकाने.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी कुत्र्याला आधी लांब फिरवून आणावे. आईने प्रथम एकटीने घरात येऊन त्याची विचारपूस करावी. कुत्रा शांत झाल्यावर त्याला पट्टा लावून, एका मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवून, काही हात अंतरावरून बाळ दाखवावे. बाळ त्याच्या तोंडाजवळ नेऊन "बघ, तुझा भाऊ आला" असे करण्याचा मोह टाळावा. शांत राहिल्याबद्दल त्याला खाऊ द्यावा. बारशाच्या दिवशी घरात गर्दी, गडबड आणि अनोळखी मुले असतात. त्या दिवशी कुत्रा वेगळ्या खोलीत किंवा ओळखीच्यांकडे असणे हेच इष्ट.

पाळणा वा झोळी असलेल्या खोलीत कुत्र्याने एकटे असू नये. बाळाला जमिनीवर गोधडी टाकून झोपवण्याची पद्धत असलेल्या घरांत तर हा नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो. दाराला उंबऱ्यापासून कमरेएवढ्या उंचीची जाळी बसवली, की कुत्र्याला माणसे दिसतात, तो एकटा पडत नाही आणि बाळापर्यंत पोहोचतही नाही.

रांगते मूल : खरी कसोटी

पहिले काही महिने सुरळीत गेले की पालक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात कसोटी त्यानंतर लागते. पाळण्यातले बाळ कुत्र्याकडे जाऊ शकत नव्हते. आठव्या-नवव्या महिन्यात ते रांगत त्याच्याकडे जाऊ लागते. कान ओढणे, डोळ्यांत बोट घालणे, उभे राहण्यासाठी शेपटीचा आधार घेणे, भांड्यातले अन्न उचलणे हे सारे ते निरागसपणे करते. कुत्रा बिचारा उठून दूर जातो. मूल मागोमाग जाते. शेवटी कपाट आणि सोफा यांच्या कोपऱ्यात कुत्रा अडकतो, आणि पळायची वाट संपली की त्याच्याजवळ दातच उरतात.

म्हणून कुत्र्याला घरात एक हक्काची जागा असावी. ती पिंजऱ्याची असो, गॅलरीच्या सावलीची असो वा टेबलाखालची. तेथे मुलाने कधीही जायचे नाही, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा. जेवणारा, हाड चघळणारा, झोपलेला, आजारी असलेला किंवा पिल्लांजवळ बसलेला कुत्रा यांच्याजवळ मुलाला जाऊ देऊ नये. "त्याच्या ताटात हात घातला तरी तो काही करत नाही" हे कौतुकाने पाहुण्यांना दाखवणारी घरे आहेत. असा सराव कुत्र्याला सहनशील बनवत नाही, उलट अन्नाविषयी धास्तावलेला बनवतो.

देखरेख म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे. त्याच खोलीत बसून दूरदर्शन संच किंवा भ्रमणध्वनी पाहणे ही देखरेख नव्हे. मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये तत्काळ हात घालता येईल इतक्या अंतरावर जागरूक प्रौढ व्यक्ती असणे, याला देखरेख म्हणतात. ते शक्य नसेल तेव्हा, स्वयंपाकघरात दूध उतू जात असेल किंवा दारावर कोणी आले असेल तेव्हा, दोघांपैकी एकाला बरोबर न्यावे. दहा-बारा वर्षांच्या ताईवर ही जबाबदारी टाकू नये.

शेपटी हलते म्हणजे खूष, असे नव्हे

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण पालकांनी विसरलेलीच बरी. कुत्रा चावण्यापूर्वी बहुतेक वेळा सूचना देतो. त्या आपल्याला वाचता येत नाहीत. झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठांवरून वारंवार जीभ फिरवणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशा तिरक्या नजरेने पाहणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे या सर्वांचा अर्थ "मला हे नको आहे" असा असतो. हलणारा कुत्रा एकाएकी थिजल्यासारखा स्तब्ध झाला, तर तो अखेरचा इशारा समजावा. ताठ उंचावलेली, आखडून हलणारी शेपटी ही उत्तेजित अवस्थेची खूण आहे, मैत्रीची नव्हे.

गुरगुरणे हाही इशाराच आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका मारणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, पण त्याची भीती जात नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो आणि घरचे म्हणतात, "अचानक चावला." गुरगुर ऐकू आली की मुलाला शांतपणे दूर न्यावे, कारण शोधावे आणि गरज भासल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

आनंदाने कुत्र्याच्या गळ्यात पडलेल्या मुलाचे छायाचित्र घराघरांत असते. त्यातल्या कुत्र्याचा चेहरा पुन्हा एकदा निरखून पाहावा. मिठी ही माणसांची रीत आहे. पुष्कळ कुत्र्यांना ती अडकवून ठेवल्यासारखी वाटते.

मुलांना काय शिकवावे?

तीन-चार वर्षांच्या मुलाला सोप्या शब्दांत नियम सांगता येतात. परक्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी आधी आईबाबांना आणि मग त्याच्या मालकाला विचारायचे. होकार मिळाला तरी कुत्र्याने स्वतःहून जवळ यायला हवे. हात फिरवायचा तो छातीवर किंवा खांद्यावर, डोक्यावरून नव्हे. कुत्र्याला चिडवायचे नाही, त्याच्यावर बसायचे नाही, त्याच्यापुढे किंचाळत पळायचे नाही.

अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यापुढे काय करायचे, हे खेळातून शिकवता येते. झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाशी घ्यायचे, नजर आपल्या पायांकडे ठेवायची आणि मनात आकडे मोजायचे. कुत्र्याला हलत्या वस्तूचा पाठलाग करावासा वाटतो. 'झाडा'त त्याला रस उरत नाही. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी मान आणि कान झाकून दगडासारखे पडून राहायचे. घरात चार-पाच वेळा हा खेळ खेळला, की प्रसंगी मुलाला तो आठवतो.

दिवाळीत विशेष काळजी घ्यावी. फटाक्यांच्या आवाजाने थरथरणाऱ्या कुत्र्याला मिठी मारून धीर देण्याचा प्रयत्न मुले करतात. एरवी शांत असणारा कुत्रा त्या क्षणी चावू शकतो. मुलांच्या हातचा खाऊही कुत्र्याला घातक ठरू शकतो. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण त्याच्यासाठी विषारी आहेत.

लस आणि स्वच्छता

कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकानुसार नियमित दिली जाते. इतर संसर्गजन्य आजारांच्या लसी त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. लसींची नोंदवही घरात जपून ठेवावी. परवाना बंधनकारक असलेल्या महापालिकांच्या हद्दीत तो काढून घ्यावा.

लहान मुलांच्या दृष्टीने जंतांचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पिल्लांच्या आतड्यातील गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात. ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी ती संसर्गक्षम होतात. माती तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेल्यास त्यांतील अळ्या यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळ्यांपर्यंत पोहोचतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर ही साखळी तुटते. पिल्लांना सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, पुढे दरमहा आणि मोठ्या कुत्र्यांना साधारणपणे दर तीन महिन्यांनी जंतनाशक औषध द्यावे लागते. कुत्र्याला कच्चे मांस, विशेषतः बोकडाचे काळीज वा आतडी घालू नयेत. गोचिडी आणि पिसवा यांवर औषधोपचार करावा. कुत्र्याशी खेळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

गर्भवतीने कुत्र्यापासून दूरच राहावे, हा सल्ला बहुधा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीपोटी दिला जातो. तो परजीवी विष्ठेतून पसरवणारा पाळीव प्राणी मांजर आहे, कुत्रा नव्हे. उलट, फिनलंडमधील ३९७ बालकांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्रा असलेल्या घरांतील बाळांना पहिल्या वर्षात श्वसनाचे आजार तुलनेने कमी झाल्याचे आढळले. मात्र बाळाला दमा अथवा ॲलर्जी असल्यास बालरोगतज्ज्ञांचे मत अंतिम मानावे.

चावल्यास काय करावे?

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण दंशानंतर वेळेवर उपचार झाल्यास हा रोग हमखास टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांची रेबीजविरोधी लस प्रथम टोचण्यात आली ती नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला, आणि तो वाचला. आज तर त्याहून कितीतरी सुरक्षित लसी सरकारी रुग्णालयांत उपलब्ध आहेत. तरीही मुले दगावतात, कारण उपचारास उशीर होतो.

जखम सर्वप्रथम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण नष्ट होते. मग जंतुनाशक लावून तडक रुग्णालय गाठावे. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये आणि पट्टी घट्ट बांधू नये. रक्त न येणारा ओरखडा असेल तर लस पुरेशी ठरते. त्वचा फाटून रक्त आले असेल किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला अथवा तोंडाच्या आत लाळ लागली असेल, तर लसीसोबत जखमेत आणि भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन टोचणे आवश्यक असते. चेहरा, डोके व मानेवरील दंश विशेष धोकादायक होत, कारण मेंदूचे अंतर कमी असते.

लसीचे डोस त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, तर स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी दिले जातात. दंडावर, आणि तान्ह्या बाळाला मांडीवर. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ कधीच मागे पडला आहे. ही जुनी भीती मात्र अजून कायम आहे.

चावलेला कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला, तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर उपचारांत काय बदल करायचा, हे डॉक्टर ठरवतात. दहा दिवस वाट पाहून मग उपचार सुरू करणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. कुत्रा असलेल्या घरातील मुलांना दंशापूर्वीच प्रतिबंधक लस देण्याची सोय आहे. त्याविषयी बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट. आपणच कुत्र्याची खोडी काढली, हे ठाऊक असलेले मूल ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवते. कधी 'आपल्या मोत्याला बाबा सोडून देतील' या भीतीने ते गप्प राहते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. "कुत्रा चावला किंवा ओरखडला तर आधी येऊन सांग, कोणीही रागावणार नाही," हे वाक्य मुलाला आजच सांगून ठेवावे, आणि वेळ आल्यास ते पाळावे.

तरीही जमत नसेल तर

सर्व प्रयत्नांनंतरही कुत्रा मुलाला स्वीकारत नसेल, तर त्याला मूल नसलेले चांगले घर शोधून देणे यात कमीपणा नाही. प्राणी संघटना आणि पशुवैद्यक यासाठी मदत करतात. रस्त्यावर सोडणे हा मात्र पर्याय नव्हे. पाळीव प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सोडलेला घाबरलेला कुत्रा उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलाला चावू शकतो, हेही विसरता कामा नये.

कुत्र्यासोबत वाढलेले मूल बोलता न येणाऱ्या जिवाचे मन ओळखायला शिकते. ते त्याने शिकावे, यासाठी आधी ते मोठ्यांना यायला हवे.

लक्षात ठेवा

• सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नका, पाच मिनिटेही नाही.
• जेवणारा, झोपलेला, आजारी आणि पिल्ले असलेला कुत्रा यांपासून मुलाला दूर ठेवा.
• गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका, मुलाला बाजूला घ्या.
• कुत्र्याला हक्काची, मुलाला मनाई असलेली जागा द्या.
• रेबीजची लस आणि जंतनाशक यांच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.
• दंश झाल्यास साबण, पाणी, १५ मिनिटे आणि त्याच दिवशी रुग्णालय.